भयाचा करार : विद्यार्थ्यांचे काही चित्रपट आणि भयपटाचे संकेत

भुताची गोष्ट सांगणारा आणि ती ऐकणारा यांच्यात एक अलिखित करार असतो. सांगणाऱ्याने अमावास्या, ओसाड वाडा, पडकी विहीर यांपैकी काहीतरी आणावे, ऐकणाऱ्याने अंगावर शहारे येऊ द्यावेत आणि गोष्ट संपली की दोघांनीही निर्धास्तपणे निजावे, असा हा करार. आपल्याकडे त्याचा इतिहास फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना विकृत आवाज, पिशाचदर्शन, कोल्हे, घुबडे, अरण्य, शून्य गृह अशी यादी येते. ती वाचली की विसाव्या शतकातील एखाद्या हॉलिवूडच्या भयपटासाठी जमवलेल्या सामानाची यादीच आपण वाचत आहोत असे वाटते. त्याच ठिकाणी भरताने भयाचे तीन प्रकार सांगितले आहेत : नुसते सोंग म्हणून दाखवलेले, स्वतःच्या अपराधातून उपजलेले आणि दुसऱ्याने धाक घातल्यामुळे निर्माण झालेले. यांपैकी मधला प्रकार वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या जुन्या विषयाकडे आज वळण्याचे कारण नवे आहे. आपल्या मंडळांच्या संमेलनांत आणि गणेशोत्सवांत जिथे पूर्वी तरुण मुले एकांकिका बसवीत, तिथे आता ती हातातल्या फोनवर लघुपट करतात, आणि त्यांना भयाची व रहस्याची ओढ विशेष असते. पाहणाऱ्या ज्येष्ठांची प्रतिक्रिया बहुधा दोन प्रकारची होते. एक, ‘हे तर आम्ही शंभरदा पाहिले आहे’. आणि दुसरी, ‘हे आम्हांला काहीच कळले नाही’. पहिली तक्रार संकेत पाळल्याबद्दल असते आणि दुसरी तो मोडल्याबद्दल. मग विद्यार्थ्याने करावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर उपदेशात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे असे आम्हांस वाटते. कारण चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी भयपटाच्या आणि रहस्यपटाच्या संकेतांशी केलेला झगडा हा त्या कलेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय आहे.

प्रथम करारातील कलमे पाहू. आमच्या मते ती मुख्यतः तीन आहेत. पहिले कलम असे की भयाला कारण असेल. ड्रॅक्युलाला रक्ताची तहान असते, फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसामागे एका शास्त्रज्ञाचा उन्माद असतो. कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये (१९४९) हवेलीत गाणारी छाया अखेर माळ्याची मुलगी निघते. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) जे अशक्य वाटले होते त्याचा शेवटी रीतसर उलगडा होतो. दुसरे कलम असे की भय परके असेल. ते दूरच्या डोंगरातील किल्ल्यातून, थडग्यातून किंवा परग्रहावरून येईल, आणि ज्याचे रक्षण करायचे ते घर व कुटुंब मात्र निर्मळ असेल. तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे : भय संपेल. पहाट होईल, पोलीस येतील आणि चित्रपटगृहातले दिवे लागतील. १९३१ सालच्या अमेरिकन ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या अखेरीस राक्षस जळत्या गिरणीत सापडतो आणि म्हातारा सरदार आपल्या घराण्यात पुत्र जन्मावा म्हणून मद्याचा पेला उंचावतो. तिन्ही कलमांची पूर्तता एवढ्या एका दृश्यात झाली आहे.

हा करार पाळायला पैसा लागतो. किल्ला, धुके, राक्षसाचा रंगवलेला चेहरा या सगळ्याला खर्च असतो. विद्यार्थ्याजवळ यातले काही नसते. त्याचे नट म्हणजे त्याचे मित्र आणि त्याचा किल्ला म्हणजे वसतिगृहाचा जिना. मात्र त्याला एक मोकळीक असते : त्याला तिकिटे विकायची नसतात. गरिबी आणि ही मोकळीक एकत्र आल्या म्हणजे करारातील कोणते कलम खरोखर आवश्यक आहे याची परीक्षा आपोआप होते. गरिबीतून भय निर्माण होऊ शकते हे व्यावसायिक चित्रपटानेही पूर्वी दाखवले होते. व्हॅल ल्यूटन या निर्मात्याच्या ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) खर्च बेताचा असल्याने हिंस्र श्वापद बहुतेक वेळ दिसतच नाही. भिंतीवरची सावली, पावलांचा आवाज आणि पोहण्याच्या तलावातील पाण्याचे हलते प्रतिबिंब एवढ्यावर काम भागते. विद्यार्थी याच वाटेने निघाले आणि त्यांच्यापैकी काही फार पुढे गेले.

पहिले उदाहरण पोलंडमधील आहे. तेथील एका गिरणगावाचे नाव इंग्रजी नकाशात ‘लोड्झ’ असे वाचले जाते, पण पोलिश लोक त्याचा उच्चार ‘वूच’ असा करतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या शहरात ज्यूंची मोठी कोंडवस्ती केली होती. युद्धानंतर राजधानी वॉर्सा ढिगाऱ्याखाली गेलेली असल्यामुळे चित्रपटाचा व्यवसाय या शहरात एकवटला आणि १९४८ साली येथे चित्रपटविद्येची शाळा निघाली. राजवट साम्यवादी होती. तरी सामान्य प्रेक्षकांना न दिसणारे परदेशी चित्रपट या शाळेतील विद्यार्थ्यांना पाहायला मिळत. १९५४ साली रोमान पोलान्स्की हा तरुण या शाळेत दाखल झाला. १९३३ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मुलाचे बालपण क्राकूव्हच्या कोंडवस्तीत गेले होते. त्याच्या आईला आउशवित्झच्या छळछावणीत ठार मारण्यात आले आणि तो स्वतः इतरांच्या घरी लपून वाचला.

१९५७ साली त्याने शाळेतील अभ्यासाचा भाग म्हणून ‘मोर्देर्स्त्वो’ म्हणजे ‘खून’ या नावाचा एक मूकपट केला. तो जेमतेम दीड-दोन मिनिटांचा आहे. खोलीत एक माणूस निजला आहे, दुसरा इसम आत येतो, खिशातल्या चाकूने त्याला भोसकतो आणि निघून जातो. चित्रपट संपला! बंद खोली, गाफील माणूस, दाराची हालचाल आणि शस्त्र धरलेला हात हे रहस्यपटाचे सगळे संकेत येथे काटेकोरपणे पाळले आहेत. पाळलेले नाही ते एकच, पहिले कलम. मारणारा कोण, त्याचे वैर काय, त्याला शिक्षा झाली का, यांपैकी कशाचेही उत्तर नाही. गुप्तहेरकथा जिथे सुरू होते तिथे हा चित्रपट थांबतो.

विद्यार्थ्याला कथा सुचली नाही म्हणून त्याने कारण गाळले, असे कोणी म्हणू शकेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या पिढीने आपल्या शेजारच्या माणसाला पहाटे घरातून उचलून नेलेले पाहिले, तिला खुनाचे कारण शोधत बसणारी कथाच खोटी वाटली असणार. बंद दार उघडते, अनोळखी माणूस आत येतो आणि जीव जातो, हा त्या पिढीचा अनुभव होता. येथे कारण गाळल्यामुळे सत्याचा अपलाप होत नाही, उलट सत्याची बाजू राखली जाते. तुलनेसाठी आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ घ्यावा. तो तीन वर्षांनंतरचा, १९६० सालचा. त्यात हिचकॉकने अनेक संकेत उधळून लावले, मध्यवर्ती नायिकेलाच चित्रपट निम्मा होण्यापूर्वी मारले. तरी अखेरीस मानसोपचारतज्ज्ञाला उभे करून खुन्याच्या मनाचा खुलासा त्याला द्यावाच लागला. पहिले कलम मोडण्याचे धाडस त्याला झाले नाही. एका विद्यार्थ्याला ते आधीच झाले होते.

पुढच्याच वर्षी पोलान्स्कीने ‘दोन माणसे आणि एक कपाट’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा चित्रपट केला. समुद्रातून दोन माणसे आरशाचे एक कपाट खांद्यावर घेऊन बाहेर येतात, गावात कोणी त्यांना थारा देत नाही, आणि शेवटी ती कपाटासह पुन्हा समुद्रात जातात. हा वरवर विनोदी चित्रपट आहे. पण ती दोघे चालत असताना आजूबाजूला खिसे कापले जातात, माणूस मारला जातो, आणि तिकडे कोणाचेही लक्ष नसते. रहस्यपटात खून चौकटीच्या मध्यभागी असतो. येथे तो कोपऱ्यात आहे. ब्रुसेल्सच्या १९५८ सालच्या प्रायोगिक चित्रपटांच्या स्पर्धेत या चित्रपटाला पारितोषिक मिळाले. त्याचे संगीत देणारा क्रिस्तॉफ कोमेदा हाच पुढे पोलान्स्कीच्या ‘रोझमेरीज बेबी’चा (१९६८) संगीतकार झाला. विद्यार्थिदशेत गवसलेली दृष्टी त्या प्रसिद्ध भयपटापर्यंत कशी पोहोचली हे त्यावरून दिसते.

याच दिग्दर्शकाने १९७७ साली अमेरिकेत एका अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंध केल्याचा गुन्हा कबूल केला आणि १९७८ साली शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी तो देश सोडला. ही गोष्ट झाकून त्याच्या कलेचे कौतुक करणे आम्हांस योग्य वाटत नाही. बालपणी अत्याचार सोसलेला माणूस पुढे दुसऱ्यावर अत्याचार करू शकतो, हे त्याच्या कोणत्याही चित्रपटापेक्षा भयंकर आहे. मात्र १९५७ सालच्या त्या दीड-दोन मिनिटांत जे सिद्ध झाले, ते चित्रपटाच्या इतिहासाचा भाग म्हणून नोंदवावेच लागते.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ज्या आवारात ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे चित्रपट घडले, त्याच आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि विद्यार्थ्यांना जगातील चित्रपट पाहण्याची सोय झाली. या संस्थेच्या विद्यार्थ्यांचा ओढा गंभीर सामाजिक आणि प्रायोगिक चित्रपटांकडे असतो असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे विधू विनोद चोप्रा या विद्यार्थ्याने १९७६ साली आपल्या पदविकेसाठी रहस्यपट निवडला ही गोष्ट लक्षणीय ठरते. त्याचे नाव ‘मर्डर ॲट मंकी हिल’. मुंबई-पुणे गाडीने बोरघाट चढलेल्यांना मंकी हिल हे नाव अपरिचित नाही.

सुपारी घेतलेला एक मारेकरी जिचा जीव घ्यायचा त्याच तरुणीच्या प्रेमात पडतो, असे त्याचे कथासूत्र आहे. पोलिश विद्यार्थ्याने जसे कलमच खोडून टाकले तसे येथे झालेले नाही. भाड्याचा मारेकरी, पैशाचा व्यवहार, बेसावध सावज हे सारे नेहमीचे संकेत कायम आहेत. बदलला आहे तो प्रेक्षकाच्या मनातील प्रश्न. ‘खून कोणी केला?’ या प्रश्नाची जागा ‘हा खून करील का?’ या प्रश्नाने घेतली आहे. पहिला प्रश्न बुद्धीचा आहे, त्याचे उत्तर मिळाले की कुतूहल शमते. दुसरा प्रश्न मारेकऱ्याच्या मनाचा आहे. तिथे भय मारेकऱ्याच्या आतच शिरते आणि दुसरे कलम किंचित डळमळू लागते. या विद्यार्थिपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याच सूत्रावर दिग्दर्शकाने १९८१ साली ‘सजाए मौत’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. १९८५ सालच्या ‘खामोश’मध्ये त्याने चित्रीकरणासाठी आलेल्या मंडळींतच खून घडवला आणि शबाना आझमी, अमोल पालेकर अशा कलावंतांना त्यांच्या स्वतःच्याच नावाने पडद्यावर आणले. संकेत पाळूनही त्यात नवे काही करता येते, किंबहुना जो संकेत नीट पाळतो त्यालाच तो कुठे वाकवावा हे कळते, याचे हे उदाहरण आहे.

पुण्यात हे घडत होते त्याच्या आगेमागे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजलिस आणि त्याच्या परिसरात, दोन विद्यार्थिपट वर्षानुवर्षे रेंगाळत पुरे होत होते. दोन्ही शिकाऊ कामे म्हणून सुरू झाले आणि दोन्ही पुढे पूर्ण लांबीचे होऊन चित्रपटगृहांत गेले. पहिला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन कार्पेंटर व डॅन ओबॅनन या दोघांचा ‘डार्क स्टार’. तो १९७० साली सुरू झाला. प्रथम सुमारे पाऊण तासाचा होता. पुढे पैसा मिळाल्यावर लांबवून १९७४ साली प्रदर्शित झाला. एकूण खर्च सुमारे साठ हजार डॉलर. कंटाळलेल्या अंतराळवीरांची ही विनोदी कथा आहे. यानात पाळलेला परग्रहावरचा प्राणी सुटतो आणि ओबॅननने स्वतः रंगवलेला अंतराळवीर अंधाऱ्या वाटांतून त्याच्यामागे फिरतो. हा प्राणी म्हणजे समुद्रकाठी खेळायचा, रंगवलेला, पंजे चिकटवलेला फुगीर चेंडू! त्याहून अधिक परवडणारे नव्हते.

प्रेक्षक हसावेत हाच हेतू होता, पण हवे तेवढे ते हसले नाहीत. ओबॅननने त्यातून अचूक धडा घेतला. बंदिस्त यान, सुटलेला प्राणी, एकटा पडलेला माणूस हाच सांगाडा घेऊन त्याने पुन्हा कथा लिहिली, या वेळी भीतीसाठी. तो चित्रपट म्हणजे रिडली स्कॉटने दिग्दर्शित केलेला १९७९ सालचा ‘एलियन’. कार्पेंटरने त्याच्या एक वर्ष आधी, १९७८ साली, सुमारे तीन लाख डॉलरांत ‘हॅलोविन’ केला. त्यातील खुनी मुखवट्याआड आहे, आणि त्याच्या खुनांना कारण असे जवळजवळ नाहीच. अखेरीस गोळ्या खाऊन खाली पडलेला तो पुन्हा पाहावे तर जागेवर नसतो. हसू आणि भय यांची बांधणी एकच असते, फरक असतो तो केवळ किती वेळ थांबायचे याचा, हे या दोघांना शाळेत असतानाच उमगले होते. आपल्याकडे चांगला कीर्तनकार किंवा गोष्टीवेल्हाळ आजीदेखील हे जाणत असे. भोपळ्याच्या गोष्टीत वाघ किती वेळ वाट पाहतो यावरच मुलाने हसायचे की घाबरायचे हे ठरते.

दुसरा विद्यार्थिपट डेव्हिड लिंच याचा ‘इरेजरहेड’. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची शाळा तेव्हा बेव्हर्ली हिल्समधील एका जुन्या हवेलीत भरत असे. तिच्या तबेल्यांत लिंचने १९७२ साली चित्रीकरण सुरू केले. संस्थेने दहा हजार डॉलर दिले होते आणि संहिता वीसएक पानांची होती. पैसे संपले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. लिंच वर्तमानपत्रे टाकून पोट भरीत असे. एका दृश्यात नायक दाराच्या मुठीवर हात ठेवतो, आणि दाराच्या आत येतानाचे त्याचे दृश्य दीड वर्षाने चित्रित झाले, अशी त्या दिवसांची हकिगत सांगतात. १९७७ साली हा ८९ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट लोकांसमोर आला आणि मध्यरात्रीच्या खेळांतून हळूहळू पसरला.

एका कारखानी वस्तीत राहणाऱ्या हेन्री नावाच्या बुजऱ्या तरुणाला मूल होते. ते माणसासारखे दिसत नाही, चिंध्यांत गुंडाळलेले असते आणि अखंड रडते. त्याची आई कंटाळून निघून जाते, बाप एका खोलीत त्याच्यासह उरतो आणि अखेर कात्री हाती घेतो. भयपटाच्या जुन्या संकेतांपैकी किती संकेत येथे आहेत पाहा : विद्रूप प्राणी, कोंदट घर, जर्मन मूकपटांतल्यासारखा काळोख, आणि भरताच्या यादीतील पहिलीच बाब, म्हणजे विकृत ध्वनी. लिंच आणि त्याचा ध्वनिसहकारी ॲलन स्प्लेट यांनी यंत्रांची घरघर आणि वाऱ्याचा घोंघाट यांचा थर साऱ्या चित्रपटाखाली पसरला आहे. पण दुसरे कलम येथे उलटे झाले आहे. १९३१ सालच्या चित्रपटात राक्षस जळाल्यावर घराण्याला पुत्र व्हावा म्हणून पेला उंचावला जातो. येथे पुत्रच राक्षस आहे. शिवाय तो कोणाला मारत नाही, तो आजारी आणि असहाय आहे. हिंस्र आहे तो त्याचा बाप, ज्याच्या नजरेने आपण सगळे पाहत असतो.

येथे भरताच्या त्या मधल्या प्रकाराची आठवण होते. अपराधातून उपजलेले भय! हॉलिवूडच्या कराराने भय परके केले होते. नाट्यशास्त्राला मात्र ते माणसाच्या आत असू शकते हे ठाऊक होते. तेव्हा लिंचने संकेत मोडला असे म्हणण्यापेक्षा अलीकडचा संकेत मोडून फार प्राचीन संकेत नकळत जागा केला असे म्हणावे लागेल. लिंच बाविसाव्या वर्षी पिता झाला होता. त्याने चित्रपटाचा अर्थ कधी सांगितला नाही, आणि ते मूल कसे बनवले होते हे गुपितही २०२५ च्या जानेवारीत त्याच्या निधनापर्यंत उघड केले नाही. ‘शायनिंग’ हा भयपट करताना स्टॅन्ली कुब्रिकने आपल्या सहकाऱ्यांना ‘इरेजरहेड’ दाखवला होता, एवढे सांगितले म्हणजे त्याचा अधिकार ध्यानात यावा.

उरले तिसरे कलम : भय संपेल. ते सर्वांत ठळकपणे मोडले ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने (१९९९). डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे त्याचे दिग्दर्शक मध्य फ्लोरिडा विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते, आणि त्यांनी विद्यार्थिपटालाच कथेचा विषय केले. १९९४ साली तीन विद्यार्थी मेरीलँडच्या जंगलात एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जातात आणि नाहीसे होतात. वर्षभराने त्यांनी चित्रित केलेली रिळे व फिती सापडतात आणि आपण पाहतो ते तेवढेच, अशी ही कल्पना. अरण्य, रात्रीचे आवाज आणि शेवटी शून्य गृह या साऱ्या बाबी जुन्याच आहेत. चेटकीण मात्र एकदाही दिसत नाही. मुख्य चित्रीकरण १९९७ च्या ऑक्टोबरात आठ दिवसांत झाले. नटांनी स्वतःच्याच नावाने भूमिका केल्या, कॅमेरे स्वतःच चालवले. अखेरीस कॅमेरा जमिनीवर पडतो आणि पुढे काहीच नाही. पहाट होत नाही, कोणी सोडवायला येत नाही, आणि काय झाले हेही कळत नाही.

हौशी चित्रीकरणातील हलती चौकट आणि अपुरा प्रकाश या विद्यार्थ्याच्या उणिवा येथे खरेपणाची साक्ष बनल्या. प्रेक्षकांपैकी अनेकांनी ते सारे खरेच घडले असे मानले. या अत्यल्प खर्चाच्या चित्रपटाने जगभरात सुमारे पंचवीस कोटी डॉलर मिळवले. सापडलेल्या चित्रीकरणाची युक्ती त्यापूर्वीही झाली होती, पण रूढ झाली ती यानंतर. यश मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. जंगलात भिजून, अर्धपोटी राहून ज्यांनी ते भय उभे केले त्या तिन्ही कलावंतांना २०२४ साली न्याय्य मोबदल्याची मागणी जाहीरपणे करावी लागली. खरेपणाचा आभास टिकावा म्हणून प्रदर्शनाच्या वेळी ज्यांना बेपत्ता ठरवले गेले होते, त्यांना व्यवहारातही विसरले गेले. पडद्यावरच्या कराराइतकाच पडद्यामागचा करारही पाळायचा असतो, हा या कथेचा उपदेश समजावा.

या इतिहासावरून संकेत मोडणे हेच श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मोडलेला संकेत फार लवकर नवा संकेत होतो. २००७ सालच्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’पासून हलत्या कॅमेऱ्याचे आणि अर्धवट शेवटाचे इतके चित्रपट झाले की आता नीट शेवट करणारा भयपटच बंडखोर वाटावा. प्रश्न असा विचारावा की ज्याने कलम खोडले त्याने त्या जागी काय ठेवले? वूचच्या विद्यार्थ्याने कारण काढून घेतले आणि विनाकारण मारल्या गेलेल्यांचे सत्य दिले. लिंचने परका राक्षस काढून घेतला आणि तरुण बापाच्या मनातील, कोणाजवळ बोलता न येणारी भीती दिली. पुण्याच्या विद्यार्थ्याने काहीच काढून घेतले नाही, पण कुतूहलाच्या जागी कणव ठेवली. ज्याच्याजवळ मोबदल्यात द्यायला काही नाही त्याने करार मोडला तर ती केवळ फसवणूक होते.

पिढ्यानपिढ्या घरापासून दूर राहिलेल्या आपल्या कुटुंबांना हे समजणे अवघड नसावे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे स्थिरावताना आपल्या पूर्वजांनी कितीतरी रिवाज जपले आणि कितीतरी सोडले. त्यांतला प्राण कोणता आणि नुसता पेहराव कोणता, हे त्यांना दर पिढीत ठरवावे लागले. तरुण मंडळी भयपट करतात तेव्हा तीही लहान प्रमाणावर हाच निवाडा करीत असतात. म्हणून त्यांचा लघुपट पाहून ‘शेवट का नाही?’ असे लगेच विचारू नये, आणि ‘काही कळले नाही, म्हणजे थोर असेल’ अशी मानही डोलवू नये. त्यांना एवढेच विचारावे : तुम्हांला खरोखर कशाची भीती वाटते, आणि ती यात आली आहे का? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणारा लघुपट संकेत पाळो की मोडो, तो पाहण्यासाठी घटकाभर दिवे मालवून बसायला आपली हरकत नसावी.